मोजलेला रस्ता आणि धावकाची वेळ

शहराच्या रस्त्यांवरून ४२.१९५ किलोमीटर धावण्याच्या शर्यतीत आज हजारो स्त्री-पुरुष उतरतात, आणि आघाडीचे मोजके व्यावसायिक धावक सोडले तर त्यांपैकी बहुतेकांना शेजारून धावणाऱ्याला हरवायचे नसते. त्यांना गाठायची असते ती स्वतःच ठरवलेली एक वेळ. कोणाला चार तासांच्या आत पोहोचायचे असते, कोणाला साडेतीन तासांच्या, तर कोणाला गेल्या हंगामातील स्वतःच्याच वेळेतून दोन मिनिटे कमी करायची असतात. धावकाच्या आजवरच्या सर्वोत्तम वेळेला ‘पर्सनल बेस्ट’ किंवा नुसते ‘पीबी’ म्हणतात, आणि चार तासांच्या आतील वेळेला ‘सब-फोर’. ही वेळ वरवर पाहता अगदी खासगी बाब वाटते, कारण ती गाठल्याने सहसा कोणतेही बक्षीस मिळत नाही आणि हुकल्याने दुसऱ्या कोणाचे काही बिघडत नाही. तरीही एखाद्याने मुंबईत नोंदवलेल्या वेळेची त्यानेच बर्लिनमध्ये नोंदवलेल्या वेळेशी तुलना व्हायची, तर शर्यतीचे अंतर जगभर एकच असावे लागते, रस्त्यावर ते अंतर खरोखर भरावे लागते, आणि पहिल्या धावकाइतक्याच काटेकोरपणे दहा हजाराव्या धावकाचीही वेळ टिपली जावी लागते. मॅरेथॉन जन्माला आली तेव्हा यांपैकी काहीच अस्तित्वात नव्हते. ते घडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ज्यांनी ते घडवले त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत क्वचितच सापडतात.

अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन गावापासून राजधानीपर्यंत धावण्याची शर्यत ठेवावी, ही कल्पना फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांची. १० एप्रिल १८९६ रोजी झालेली ही शर्यत स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली, परंतु तिचे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. पुढच्याच वर्षी १९ एप्रिलला अमेरिकेतील बॉस्टन ॲथलेटिक असोसिएशनने आपल्या शहरात तशी शर्यत सुरू केली. पंधरा जण धावले आणि जॉन मॅक्डर्मॉट २ तास ५५ मिनिटे १० सेकंदांत पहिला आला. आकड्यांपुरते पाहिले तर मॅक्डर्मॉट लुईसपेक्षा साडेतीन मिनिटांहून अधिक वेगवान ठरतो, पण बॉस्टनचा रस्ता सुमारे साडेएकोणचाळीस किलोमीटरचाच होता, म्हणजे त्या साडेतीन मिनिटांतील बराचसा भाग धावकाच्या पायांचा नसून रस्त्याच्या आखूडपणाचा होता. त्या काळात याची कोणाला खंतही नव्हती. मॅरेथॉन म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्याची दीर्घ शर्यत, एवढीच समजूत होती, आणि वेळ ही विजेत्याच्या नावापुढे लिहिण्याची जास्तीची माहिती होती.

आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले. विंडसर कॅसलपासून व्हाइट सिटी येथील स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोरपर्यंत रस्ता आखला गेला आणि तो २६ मैल ३८५ यार्ड, अर्थात ४२.१९५ किलोमीटर भरला. त्यानंतरही हे अंतर लगेच रूढ झाले नाही: १९१२ मध्ये स्टॉकहोमला शर्यत ४०.२ किलोमीटरची झाली, तर १९२० मध्ये अँटवर्पला ४२.७५ किलोमीटरची. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने १९२१ मध्ये लंडनचे अंतर प्रमाण म्हणून स्वीकारले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून ते कायम राहिले.

यांपैकी अँटवर्पच्या शर्यतीशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर भरलेल्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष या नात्याने उपस्थित होते, आणि तेथे खेड्यापाड्यांतून आलेली शेतकरी मुले अनवाणी, कोणत्याही शिक्षकाविना, ज्या वेळांत लांब पल्ल्याच्या शर्यती पूर्ण करत होती, त्या युरोपातील वेळांच्या तोडीच्या असल्याचे त्यांच्या लक्षात आले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याही नजरेस ही गोष्ट आणली गेली, आणि त्यातून १९२० च्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ पाठवण्याचा घाट घातला गेला. या घटनेचा उल्लेख भारतीय ऑलिंपिक चळवळीचा आरंभ म्हणून नेहमी होतो. पण येथे एका दुसऱ्या बाजूनेही तिच्याकडे पाहायला हवे. त्या मुलांना युरोपातील धावपटूंबरोबर कधी धावायला मिळाले नव्हते, त्यांची तुलना झाली ती केवळ घड्याळाच्या आधारे, आणि हजारो मैल दूरच्या माणसाशी आपली बरोबरी करून पाहण्याची ही सोय वेळेनेच प्रथम त्यांना दिली.

त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये धावले. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन यांनी ती शर्यत २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत जिंकली होती. चौगुले यांची वेळ आजही संदर्भग्रंथांत अशीच छापली जाते, आणि ती वाचणारा साहजिकच आजच्या अंतराच्या हिशेबाने तिच्याकडे पाहतो. परंतु अँटवर्पचा रस्ता प्रमाण अंतरापेक्षा ५५५ मीटरने लांब होता, ती ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब मॅरेथॉन होती. चौगुले यांनी सरासरी एक किलोमीटर जवळपास चार मिनिटांत कापला. त्याच गतीने ४२.१९५ किलोमीटर धावले असते तर त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांच्या आसपास आली असती. आज महाराष्ट्रातील एखादा हौशी धावक वर्षानुवर्षे सराव करून, गुबगुबीत तळव्यांचे बूट घालून या वेळेच्या जवळ पोहोचला तरी त्याच्या मंडळात त्याचे नाव आदराने घेतले जाते, आणि हे लक्षात घेतले की १९२० मधील त्या एकोणिसाव्या क्रमांकाचे मोल आपल्याकडे पुरेसे जाणले गेलेले नाही असे म्हणावे लागते.

अंतर ठरले, तरी ते रस्त्यावर उतरवणे ही वेगळीच अडचण होती. बॉस्टनने १९२४ मध्ये प्रमाण अंतर स्वीकारून आरंभरेषा हॉपकिंटन गावी नेली, पण तीन वर्षांनी पुन्हा मोजल्यावर रस्ता १७६ यार्डांनी कमी निघाला. १९५० च्या दशकात रस्तादुरुस्तीमुळे काही वळणे सरळ झाली आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना शर्यत सुमारे एक किलोमीटरने आखूड झाली. त्या वर्षांत विक्रमी वाटणाऱ्या वेळा नोंदल्या गेल्या, वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले, आणि १९५७ मध्ये रस्ता पूर्ववत केल्यावर त्या वेळांचे महत्त्व गेले. मोटारीच्या मीटरवर किंवा नकाशावर अंतर काढण्याची पद्धत होती तोवर असे होणे अटळ होते.

यावर उपाय सापडला तो सायकलच्या चाकात. ब्रिटनमध्ये जॉन ज्यूएल यांनी १९६१ च्या सुमारास प्रमाणित सायकलने रस्ता मोजण्याची पद्धत अभ्यासपूर्वक मांडली, आणि न्यूयॉर्कमध्ये टेड कॉर्बिट यांनी ती उचलून १९६४ मध्ये रस्ते मोजण्यावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कॉर्बिट हे व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले, आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक मॅरेथॉन संघातील पहिले कृष्णवर्णीय धावपटू होते. पद्धत ऐकायला सोपी आहे. एक सरळ पट्टा पोलादी टेपने मोजून घ्यायचा, त्यावरून सायकल अनेकदा चालवून चाकाच्या किती फेऱ्या होतात ते पाहायचे, आणि मग त्याच सायकलने शर्यतीचा सारा मार्ग कापायचा. बारकावे मात्र पुष्कळ आहेत. ऊन चढते तसा टायर तापतो, त्यातील हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर किंचित वाढतो. म्हणून मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सायकल त्या पट्ट्यावर तपासावी लागते. वळणावर रस्त्याच्या मधून जाऊन चालत नाही, आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून जावे लागते, कारण धावकाला शक्य असलेली सर्वांत जवळची वाट मोजायची असते; ही वाट कधी रस्त्याच्या उलट्या बाजूने जात असल्याने गर्दीच्या शहरांत मोजणी बहुधा रात्री आणि पोलिसांच्या सोबतीने होते. १९७१ मध्ये ॲलन जोन्स आणि त्यांचा मुलगा क्लेन यांनी पुढच्या चाकाच्या आसाला बसवायचे एक छोटे गणनयंत्र तयार केले. ते ‘जोन्स काउंटर’ या नावाने ओळखले जाते आणि चाकाची एक फेरी वीसहून अधिक भागांत मोजते, म्हणजे त्याचा एक आकडा जेमतेम दहा सेंटीमीटरचा. एवढे करूनही चूक राहू शकते, म्हणून दर किलोमीटरला एक मीटर याप्रमाणे सुमारे ४२ मीटर जास्तीचे धरले जातात. चार तासांत शर्यत संपवणाऱ्या धावकाला हे ४२ मीटर सुमारे चौदा सेकंदांना पडतात, आणि रस्ता कमी भरणार नाही या खात्रीची ती किंमत असते.

ही खात्री किती मोलाची आहे हे १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनने दाखवून दिले. ॲल्बेर्टो सालाझार यांनी तेथे २ तास ८ मिनिटे १३ सेकंद अशी वेळ नोंदवली आणि डेरेक क्लेटन यांची १९६९ पासूनची जागतिक सर्वोत्तम वेळ सुमारे २० सेकंदांनी मागे पडल्याचे जाहीर झाले. पुढे रस्त्याची फेरमोजणी झाली तेव्हा तो जवळपास १५० मीटर कमी निघाला. सालाझार यांच्या गतीने एवढे अंतर कापायला साधारण २७ सेकंद लागतात, म्हणजे पुरा रस्ता धावूनही तो विक्रम झाला असता का, हे सांगता येत नाही.

तोवर मॅरेथॉनचे रूप पालटले होते. केनेथ कूपर या डॉक्टरांचे १९६८ मधील ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील फ्रँक शॉर्टर यांचा विजय यांच्या प्रभावाने अमेरिकेत सामान्य नोकरदार माणसे धावू लागली. १९७० मध्ये सेंट्रल पार्कच्या फेऱ्यांवर झालेल्या पहिल्या न्यूयॉर्क मॅरेथॉनला १२७ जण उतरले, त्यांतील ५५ जणांनी ती पूर्ण केली, आणि गॅरी मर्की या अग्निशामक दलातील जवानाने ती जिंकली. १९७६ मध्ये फ्रेड लेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यत शहराच्या पाचही विभागांतून नेली तेव्हा धावणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. बर्लिनची शर्यत १९७४ मध्ये, शिकागोची १९७७ मध्ये आणि लंडनची १९८१ मध्ये सुरू झाली.

गर्दी वाढल्याने बॉस्टनच्या आयोजकांपुढे मात्र अडचण उभी राहिली आणि तिच्या निवारणासाठी त्यांनी केलेल्या नियमाने हौशी धावकाच्या मनात वेळेला नवे स्थान दिले. १९७० मध्ये त्यांनी चार तासांच्या आत शर्यत संपवण्याइतका सराव असल्याची हमी मागितली; पुढच्या वर्षी ही मर्यादा साडेतीन तासांवर आली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस चाळिशीच्या आतील पुरुषांसाठी तीन तासांवर. १९६६ मध्ये बॉबी गिब आणि १९६७ मध्ये कॅथरिन स्विट्झर अधिकृत परवानगीविना धावल्या होत्या. १९७२ मध्ये स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला, आणि कालांतराने वय व लिंगानुसार वेगवेगळ्या पात्रता वेळा ठरल्या. गर्दी आवरण्यासाठी केलेली ही तरतूद जगभरच्या धावकांनी मानाचा शिक्का म्हणून स्वीकारली. नियम कडक असूनही त्यात एक औदार्य होते, ते असे की साठीच्या स्त्रीला पंचविशीच्या तरुणाशी झगडावे लागत नाही, तिला तिच्या वयाची वेळ गाठायची असते. आयोजकांनी हे हेतुपूर्वक केले असो वा नसो, पहिल्या क्रमांकाची आशा कधीच नसलेल्या माणसाला त्यांनी प्रयत्नांसाठी एक नेमका आकडा दिला, आणि गेल्या अर्धशतकात शहरी मॅरेथॉन फोफावली त्यामागे या आकड्याचा वाटा बक्षिसांच्या रकमांपेक्षा मोठा आहे.

तथापि हजारोंची वेळ टिपायची कशी, हा प्रश्न उरलाच होता. १९७० आणि ८० च्या दशकांत अंतिम रेषेपलीकडे दोरखंडांच्या अरुंद बोळी केलेल्या असत. धावकाने आलेल्या क्रमानेच त्या बोळीतून पुढे जायचे, तिच्या टोकाला स्वयंसेवक त्याच्या छातीवरील ‘बिब’चा, म्हणजे क्रमांकाच्या कागदाचा, खालचा तुकडा फाडून तारेत ओवून ठेवणार, आणि रेषेवर उभा असलेला दुसरा माणूस प्रत्येक धावकासरशी वेळ छापणाऱ्या यंत्राची कळ दाबणार. पुढे तारेतील क्रम आणि कागदावरील वेळा एकमेकांशी जुळवल्या जात, आणि थकलेला एक धावक बोळीत दुसऱ्याच्या पुढे गेला किंवा कळ एकदा जास्त दाबली गेली, तर त्यामागच्या शेकडो जणांच्या वेळा सरकत. शिवाय सर्वांची वेळ आरंभीच्या बंदुकीच्या बारापासून धरली जाई, त्यामुळे गर्दीच्या शेवटी उभ्या असलेल्या धावकाची कित्येक मिनिटे आरंभरेषेपर्यंत पोहोचण्यातच जात. १९८० मध्ये बॉस्टनला रोझी रुइझ हिला महिला विजेती घोषित करून नंतर अपात्र ठरवावे लागले, कारण वाटेतील नोंदनाक्यांवर तिला कोणी पाहिलेच नव्हते. मधल्या टप्प्यांवरील वेळांची, म्हणजेच ‘स्प्लिट’ची, नोंद किती आवश्यक आहे हे त्या प्रसंगाने सर्वांना पटले.

नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘चॅम्पियनचिप’ नावाची बुटाच्या नाडीत अडकवायची छोटी चकती तयार झाली. तिच्यात बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या चटईतील तारांच्या चुंबकीय क्षेत्रातून पाय गेला की तेवढ्यापुरती तिला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक यंत्राला कळवते. १९९६ मध्ये बॉस्टनच्या शंभराव्या शर्यतीत ३८ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली, आणि तेथे ही चकती वापरण्यात आली. आरंभरेषेवरही चटई आल्याने प्रत्येकाचे घड्याळ त्याच्या स्वतःच्या पहिल्या पावलापासून सुरू झाले. बंदुकीपासूनच्या वेळेला ‘गन टाइम’ आणि या दुसऱ्या वेळेला ‘नेट टाइम’ म्हणतात. बक्षिसे अजूनही सामान्यतः पहिल्यावर ठरतात, हौशी धावक आपली म्हणून सांगतो ती दुसरी. ही व्यवस्था रुळल्यावर वेळांचे प्रचंड भांडार जमा झाले. त्यातील जवळपास ९८ लाख वेळा तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की तीन, साडेतीन, चार अशा पूर्ण आकड्यांच्या अगदी अलीकडे संपवणाऱ्यांची दाटी होते आणि आकडा उलटताच ती एकदम विरळ होते. ३ तास ५९ मिनिटे आणि ४ तास १ मिनिट यांत शरीराच्या दृष्टीने काही फरक नाही, पण चार तासांची खूण समोर असली की दमलेली माणसेही अखेरच्या दोन किलोमीटरांत वेग वाढवतात.

महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली आणि तिने एका पिढीला रस्त्यावरील शर्यतीची ओळख करून दिली. हौशी धावकांचा मोठा वर्ग मात्र २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने तयार केला. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी तेथे भारतीय महिलांत सलग तीन वेळा पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे त्या रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत पोहोचल्या. मुंबईचा रस्ता वेळेच्या मागे असलेल्यांची कठोर परीक्षा घेतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटेच्या अंधारात निघालेल्या धावकाला मरीन ड्राइव्हवर गारवा मिळतो, पाय हलके वाटतात, आणि किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद या ‘सब-फोर’च्या गतीपेक्षा दहा-पंधरा सेकंद वेगाने जाण्याचा मोह होतो. सव्वासातच्या सुमारास सूर्य उगवतो, दमट हवेत घाम सुकत नाही, आणि परतीच्या वाटेवर, साधारण पस्तीस किलोमीटर संपल्यानंतर, पेडर रोडचा चढ समोर येतो. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन बहुतेकांच्या बाबतीत तीस किलोमीटरच्या पुढे संपत आलेले असते. या अवस्थेला धावक ‘वॉल लागली’ असे म्हणतात. चढावर दोन्ही बाजूंना उभे असलेले रहिवासी संत्र्याच्या फोडी आणि चिक्की पुढे करतात, स्वयंसेवक पोटऱ्यांवर वेदनाशामक फवारा मारतात, आणि पाठीवर ‘४:००’ची पाटी लावलेला ‘पेसर’, म्हणजे ठरावीक वेळेच्या गतीने धावून इतरांना सोबत नेणारा धावक, पुढे निघून जाताना दिसतो. पहाटे वाचवलेली तीन मिनिटे येथे दहाच्या हिशेबाने परत द्यावी लागतात.

शर्यत संपल्यावर अनेकांच्या मनगटावरील उपग्रहाधारित घड्याळ ४२.५ किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर दाखवते आणि रस्ता लांब असल्याची तक्रार दरवर्षी होते. सायकलने मोजलेली वाट वळणांच्या आतल्या कडेने जाते, धावक मात्र गर्दीतून, पाण्याच्या टेबलांकडे वळत, रस्त्याच्या मधून धावतो, आणि उंच इमारतींमुळे घड्याळही थोडे चुकते. तीनशे मीटरांचे जास्तीचे धावणे ‘सब-फोर’च्या गतीने पावणेदोन मिनिटांच्या आसपास जाते, म्हणून अनुभवी धावक किलोमीटरला ५ मिनिटे ३८ सेकंदांचीच गती धरून निघतात.

अंतर आणि वेळ यांची शिस्त लागल्यानंतर आता वाद उतारावर आला आहे. जागतिक विक्रमासाठी रस्त्याचा एकूण उतार दर किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त नसावा आणि आरंभ व अंत यांमधील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे, असा नियम आहे. त्यामुळे २०११ मध्ये बॉस्टनला जेफ्री मुताई यांनी नोंदवलेली २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही वेळ विक्रम ठरली नाही. हौशी धावकांना असे बंधन नव्हते. बॉस्टनच्या २०२६ च्या शर्यतीसाठी तरुण पुरुषांची पात्रता २ तास ५५ मिनिटांवर आली, आणि दरम्यानच्या काळात डोंगरावरून खाली उतरणाऱ्या मॅरेथॉन अमेरिकेत खास ही पात्रता मिळवण्यासाठी लोकप्रिय झाल्या. बॉस्टनच्या आयोजकांनी २०२७ पासून यावर मोजमापाचाच उपाय योजला आहे: सुमारे ४५७ मीटरहून अधिक उतार असलेल्या शर्यतीतील वेळेत पाच मिनिटे, आणि ९१४ मीटरहून अधिक असल्यास दहा मिनिटे मिळवून मगच ती धरली जाईल, आणि याहून दुप्पट उतार असलेल्या शर्यतीतील वेळ मुळीच ग्राह्य धरली जाणार नाही.